अदखलपात्र

कर्जवसुलीतल्या दांडगाईचं सगळं दुखणं पोलीस ठाण्यात मिळणाऱ्या एका कागदावर आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. हप्ता थकलेल्या माणसाला वसुलीवाला फोनवर शिव्या देतो, ‘बघून घेतो’ म्हणतो, त्याच्या बायकोच्या ऑफिसात फोन लावून थकबाकीचा आकडा सांगतो. माणूस तक्रार घेऊन ठाण्यात जातो आणि बहुतेकदा हातात एनसी घेऊन बाहेर पडतो. थोडासा मजकूर, नोंदीचा नंबर, शिक्का, आणि शेवटी ठरलेली ओळ : तक्रारदारास कोर्टात दाद मागण्याची समज दिली. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. भारतीय न्याय संहितेत साधी धमकी कलम ३५१ मध्ये येते, जाणूनबुजून केलेला अपमान कलम ३५२ मध्ये. दोन्हींना दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, पण दंडाधिकाऱ्याचा आदेश असल्याखेरीज पोलिसांना तपासाला हात घालता येत नाही. ज्याने ‘अदखलपात्र’ हा शब्द घडवला त्याने तो नुसता सोयीचा म्हणून घडवला असेल. मराठीत मात्र तो जरा जास्तच खरा वाटतो. ज्याची दखल घ्यायची नाही, असा गुन्हा.

पुढचा संवाद घडलेला नाही, दोन बाजू समोरासमोर बसाव्यात म्हणून रचला आहे. जागा पनवेल कोर्टाबाहेरची चहाची टपरी धरा. एक आहेत दिवाणी कामं करणाऱ्या वकीलबाई, दुसरे पतसंस्थेत वसुली खातं सांभाळून निवृत्त झालेले काका. माझा कल कुठे आहे ते मी लपवणार नाही, पण काकांचं म्हणणं दुबळं करून मांडलं तर वकीलबाईंचं जिंकणंही फुकटचं होईल.

काका थेट गावातल्या जखमेवरच बोट ठेवतात. “मॅडम, थकबाकी म्हणजे काय हे पनवेलकराला शिकवायला नको. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं कवच होतं, त्याच्या वर ज्यांनी ठेवले होते त्यांना विचारा. कर्ज म्हणून जे बाहेर जातं ते बँकेच्या मालकाचं नसतं, कुणाच्या तरी ग्रॅच्युइटीचं असतं, कुणाच्या मुलीच्या लग्नासाठी साठवलेलं असतं. ते परत मागायला जाणारा माणूस तुमच्या लेखी गुंड आणि घेऊन बसलेला बिचारा. कर्जमाफीची वाट बघत हप्ते थांबवणारे मी पाहिलेत. गोड बोलून पैसे सुटत असते तर वसुली खातं कशाला ठेवलं असतं?”

यावर वकीलबाई आवाज चढवत नाहीत. “कर्नाळा बँकेचंच उदाहरण घेऊ, काका. ती बँक रिक्षाचा हप्ता चुकला म्हणून बुडाली नाही. तपास यंत्रणांचं म्हणणं असं, की बोगस कर्जखाती आतल्याआतच उघडली गेली आणि त्यांतून पाचशे कोटींच्या वर रक्कम फिरवली गेली. त्या खात्यांच्या दारात कोणता वसुली एजंट रात्री जाऊन बसला होता? अध्यक्षाला अटक झाली ती ईडीकडून, तीही २०२१ मध्ये. म्हणजे ठेवीदाराचा पैसा जिथे खरोखर बुडतो तिथे वसुलीची ही दांडगाई पोचतच नाही. ती पोचते कामोठ्यातल्या वन बीएचकेत, मोटरसायकलच्या आणि मोबाइलच्या हप्त्याला. तेव्हा ठेवीदाराची ढाल करून त्या दारावर लाथ मारू नका. आणि पैसे मागू नका, असं मी म्हणतच नाहीये. कर्ज घेतलं ते फेडलंच पाहिजे. माझा प्रश्न मागण्याच्या रीतीचा आहे.”

इथे काका जे बोलतात ते मला या सगळ्या वादातलं सर्वांत सरळ विधान वाटतं. “रीत काय, कोर्टाची? चाळीस हजारांच्या थकबाकीसाठी दावा लावा, स्टॅम्प भरा, वकिलाची फी द्या, समन्स बजावणीला सहा महिने, मग तारखा. हुकूमनामा हातात येईपर्यंत कर्जदार खोली बदलून कळंबोलीहून डोंबिवलीला गेलेला असतो. त्यापेक्षा एजन्सीला फाइल दिली की काम होतं. वसूल झालं तर कमिशन, नाही झालं तर आमचा खर्च शून्य.” त्यांचा हिशेब चुकलेला नाही. वसुली एजंट जन्माला आला तो कोर्टाच्या दिरंगाईतून. लहान रकमेसाठी कायद्याचा रस्ता महाग पडतो म्हणून बाजाराने आडवाट काढली. पण त्या हिशेबातला एक खर्च काकांनी मांडलेलाच नाही. एजंटाला वसुलीवर कमिशन मिळणार आणि त्याच्या वागण्याची किंमत दुसराच कुणी मोजणार, असा सौदा असेल तर सभ्य एजंट मागे पडणार आणि दांडगट पुढे जाणार. मग पिंडच वाईट असलेली माणसं शोधावी लागत नाहीत, दर महिन्याचं टार्गेट ती घडवतं.

वकीलबाई वेगळ्या अंगाने जातात. कर्ज देणाऱ्याकडे कायदा नाही हेच त्यांना मान्य नाही. घर तारण असेल तर २००२ चा सरफेसी कायदा आहे : साठ दिवसांची नोटीस, मग कोर्टात दावा न लावता ताबा. धनादेश वटला नाही तर कलम १३८. बँक खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५. या दोन्हींत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड. “म्हणजे बघा काका, हप्ता बाऊन्स होणं हा दोन वर्षांचा गुन्हा आणि त्या हप्त्यासाठी धमकावणं हाही दोन वर्षांचाच गुन्हा. कागदावर तराजू सरळ आहे. पोलीस आपणहून यातल्या कशातच पडत नाहीत, तक्रार घेऊन दंडाधिकाऱ्याकडेच जावं लागतं, हेही मी कबूल करते. फरक एवढाच, की कंपनी अशा तक्रारी गठ्ठ्याने दाखल करते, तिचा वकील महिन्याच्या ठरल्या पैशांवर असतो. कर्जदाराला त्यासाठी एका दिवसाची हजेरी बुडवावी लागते आणि त्याच दिवसाच्या पगारातून हप्ता जायचा असतो.”

आणि मग वकीलबाई गेटवरच्या वहीचा विषय काढतात. पनवेल-खारघरकडच्या कोणत्याही सोसायटीत वॉचमनच्या टेबलावर ती असते : नाव, फ्लॅट नंबर, वेळ, कामाचं स्वरूप. वसुलीवाला शेवटच्या रकान्यात ठळक अक्षरांत ‘लोन रिकव्हरी’ लिहितो. त्याच्यामागून कुरिअरवाला, दूधवाला, समोरच्या फ्लॅटचे पाहुणे त्याच पानावर सही करतात. त्याने खोटं काही लिहिलेलं नाही. घराचा उंबरा ओलांडला नाही, म्हणून गृहातिक्रमणही नाही. पॅसेजमध्ये उभं राहून तो मोठ्याने विचारतो, “साहेब आहेत का? तीन हप्ते बाकी आहेत.” यातला एकही तुकडा वेगळा काढून गुन्हा म्हणून दाखवता येत नाही, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या विंगला कळलेलं असतं. ठाण्यात गेलं तर प्रश्न येतो, पैसे द्यायचे आहेत ना? मग ही दिवाणी बाब आहे.

काकांकडे याला उत्तर आहे, आणि ते नियमांचं आहे. रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांविषयी सविस्तर सूचना २००८ मध्येच काढल्या. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, जाहीर अपमान करू नये, नातेवाईक, मित्र आणि संदर्भ म्हणून नावं दिलेल्यांच्या खासगीपणात घुसू नये, असं स्पष्ट लिहिलं आहे. एजंटाला शंभर तासांचं, पदवीधर असल्यास पन्नास तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा आहे. सूक्ष्म कर्जांसाठी २०२२ पासूनच वसुलीची वेळ नऊ ते सहा. कर्ज देणाऱ्या ॲपना मोबाइलमधली नावांची यादी उघडायला मनाई. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली तर मानसिक त्रासापोटी भरपाई देण्याची सोय २०२१ च्या योजनेत होती, एक लाखापर्यंत. “आणखी काय हवं?” काका विचारतात. “नियम कमी आहेत का?”

नियम कमी नाहीत. ते कोणाशी बोलतात, हे पाहिलं पाहिजे. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक बँकेला उद्देशून असतं. ‘तुम्ही असं करू नका, नाही तर आम्ही तुमच्यावर कारवाई करू.’ कर्जदार त्या पत्रव्यवहारात तिसरा माणूस आहे. वकीलबाई दाखला देतात तो चपखल आहे. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याच्या बजाज फायनान्सला रिझर्व्ह बँकेने अडीच कोटींचा दंड केला. वसुली एजंटांनी ग्राहकांना त्रास देऊ नये याची खबरदारी घेतली नाही, हा ठपका. मार्च २०२३ मध्ये आरबीएल बँकेला अशाच विषयात सव्वादोन कोटींच्या वर दंड झाला. कारवाई झाली, चांगलंच झालं. पण ज्यांना ते फोन आले होते त्यांच्या पदरात त्या कोटींतला रुपया पडलेला नाही, कारण दंड नियम मोडल्याचा असतो, सोसलेल्या माणसाचा नसतो. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडच्या हजारीबागेत ट्रॅक्टर ओढून नेताना एका गर्भवती स्त्रीचा जीव गेला. मग रिझर्व्ह बँकेने महिंद्रा फायनान्सला बाहेरच्या एजंटांमार्फत वसुली करायला बंदी घातली. चार महिन्यांत, जानेवारी २०२३ मध्ये, ती उठली.

हक्क असेलच कुठे तर तो लांब आहे. पनवेलच्या माणसाला जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला. अनधिकृत सावकारीविरुद्ध जिल्हा उपनिबंधक, तेही अलिबागला. पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं, म्हणजे तिसरी दिशा. लोकपालाकडे कागदावर तक्रार पाठवायची तर २०२१ च्या योजनेप्रमाणे पत्ता चंदीगडच्या सेक्टर १७ चा. काका म्हणतील, सगळं ऑनलाइन आहे. आहे. पण आधी बँकेकडे तक्रार करायची, तीस दिवस थांबायचं, मग लोकपाल. त्या तीस दिवसांत फोन थांबत नाहीत.

आता थोडं मागे जाऊ, कारण या प्रश्नाला उत्तर शोधण्याची अक्कल महाराष्ट्राने कधी काळी दाखवली होती. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि चोपड्या जाळल्या. दंगल पसरली, पण तिचा रोख माणसांपेक्षा कागदावर होता. त्यांना त्या कागदाची भीती वाटत होती. पुढे दुष्काळ आला आणि १८७९ च्या सुरुवातीला, याच पनवेल तालुक्यातल्या शिरढोणला जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना घेऊन सावकारांवर दरोडे घालायला सुरुवात केली. दंगलींचा अहवाल सरकारपुढे होताच. त्याच साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. कोर्टाने नुसतं खत पाहून हुकूमनामा देऊ नये, व्यवहाराचा मागचा इतिहास उकरावा, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करू नये, असं त्यात होतं. परक्या सरकारलाही एवढं कळलं होतं, की नुसता ‘सावकारांनी नीट वागावं’ असा उपदेश पुरत नाही, कर्जदाराच्या हातात काही तरी द्यावं लागतं. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता आजही चालू आहे. तिच्या कलम ६० प्रमाणे कोर्टाच्या बेलिफालाही घरातली स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धार्मिक रिवाजाप्रमाणे स्त्रीला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना जप्त करता येत नाही. मंगळसूत्राला बेलिफ हात लावू शकत नाही. “मंगळसूत्र गहाण टाक” असं फोनवर सांगणाऱ्याला मात्र असं कोणतं कलम अडवत नाही.

त्याहून विचित्र गोष्ट आजच्या कायद्यात आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ मध्ये वसुलीसाठी कर्जदाराला छळणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याचा पाठलाग करणं, तो राहतो किंवा काम करतो तिथे घुटमळत राहणं, त्याच्या वस्तूंच्या वापरात अडथळा आणणं, हे सगळं छळ या शब्दात मोजलं आहे. पॅसेजमध्ये उभा राहणारा माणूस यात बरोबर सापडतो. पण हा कायदा सावकारासाठी. बँका त्याच्या बाहेर. आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या फायनान्स कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळ आणि गुजरातच्या प्रकरणांत ठरवलं. म्हणजे परवानाधारक सावकाराचा माणूस दारात घुटमळला तर गुन्हा, आणि फायनान्स कंपनीचा माणूस त्याच फरशीवर तेवढाच वेळ उभा राहिला तर शिस्तभंग. काका यावर काही बोलत नाहीत, चहा मागवतात.

मात्र त्यांचा शेवटचा आक्षेप अजून शिल्लक आहे आणि तो हलका नाही. “कायदा कडक करा म्हणता. उद्या मी ‘हप्ता कधी भरताय’ म्हणून विचारलं तरी छळ होईल. आत्ताही काय होतं? कर्जदाराने जीव दिला की हप्ता मागायला गेलेल्या बावीस वर्षांच्या पोरावर आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा. आणि आंध्रात २०१० मध्ये काय झालं ते आठवा. सूक्ष्म कर्जांवर कायदा आणला आणि वसुली पार बसली. मग बायकांना कोण कर्ज देणार? पुन्हा गावचा सावकारच.”

वकीलबाई दोन्ही मुद्दे धरतात. आंध्रच्या कायद्याने वसुलीच्या वागणुकीबरोबर कर्जव्यवहारालाच हात घातला होता : नोंदणी, दुसऱ्या कर्जाला सरकारी परवानगी, हप्ते महिन्याचेच, वसुली ग्रामपंचायतीच्या कचेरीतच. धंदा बसणारच. मागण्याच्या रीतीवर मर्यादा घातली म्हणून मुद्दल एका रुपयाने कमी होत नाही. आणि आत्महत्येच्या गुन्ह्याचं म्हणाल तर काका त्यांचीच बाजू मांडतायत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये फायनान्स कंपनीच्या एका कर्मचाऱ्यावरचा असा गुन्हा रद्द केला, थकलेलं कर्ज मागणं हे त्याच्या नोकरीचं काम होतं म्हणून. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या प्रकरणात पोलिसांना बजावलं, की हे कलम उठसूट लावू नका. दोन्ही निकाल योग्य आहेत. पण त्यांतून जे उघडं पडतं ते असं : खालच्या पायरीवर एनसी आहे, जिचं पुढे काही होत नाही, आणि वरच्या पायरीवर दहा वर्षांचं कलम, जे कुणी मेल्याशिवाय लागत नाही आणि लागलं तरी बहुधा टिकत नाही. मधली पायरीच नाही. माणूस जिवंत असताना, पहिल्या पंधरवड्यात, कुणी तरी दखल घेईल अशी जागा नाही. ती असती तर त्या बावीस वर्षांच्या पोरालाही नेमकं कुठे थांबायचं ते कळलं असतं आणि कंपनीने त्याच्या गळ्यात टार्गेट बांधून स्वतः नामानिराळं राहणं बंद झालं असतं.

मधली पायरी म्हणजे काय, यात मात्र मी वकीलबाईंपेक्षा काकांच्या थोडा जवळ आहे. वकीलबाईंना जबर शिक्षा हवी आहे, कर्नाटकासारखी. तिथे फेब्रुवारी २०२५ च्या अध्यादेशाने जबरदस्तीच्या वसुलीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड ठेवला. बेळगावपासून बीदरपर्यंत त्याचे मथळे झाले. मला दहा वर्षांच्या आकड्याचं कौतुक नाही. शिक्षा जितकी मोठी तितका पोलीस हात आखडता घेतो आणि न्यायाधीश पुरावा बारकाईने तपासतो. इंग्लंडने १९७० मध्ये कर्जदाराचा छळ हा साधा, लहान, पण वेगळा गुन्हा केला. अमेरिकेने १९७७ मध्ये दुसरी वाट धरली : वसुली एजन्सीने नियम मोडला तर कर्जदाराने स्वतः दावा लावायचा, झालेलं नुकसान सिद्ध करता आलं नाही तरी हजार डॉलरपर्यंत मिळतात आणि वकिलाची फी हरलेल्या एजन्सीने द्यायची. यापुढे संपर्क नको असं लेखी कळवलं की फोन बंद, मग कोर्टात भेटा. त्या कायद्यातही भोकं आहेत. मूळ कर्ज देणारी बँक त्यातून सुटते आणि ते हजार डॉलर इतक्या वर्षांत वाढलेले नाहीत. पण त्यातली एक कल्पना आपल्याकडे जशीच्या तशी चालेल. रक्कम लहान, ठरलेली, आणि ती बँकेने थेट कर्जदाराला द्यायची, हवं तर थकबाकीतून वळती करून. सातनंतरच्या प्रत्येक फोनला पाच हजार रुपये थकबाकीतून कमी होणार म्हटलं, की काकांच्या हिशेबातला तो विसरलेला खर्च पहिल्याच महिन्यात वहीवर चढेल. पुरावाही सोपा : फोनमधली कॉलची यादी. आणि एजंट एजन्सीचा, एजन्सी कंत्राटदार, कंत्राट संपलं, ही सबब ऐकून न घेता जबाबदारी बँकेचीच, हे कायद्यातच लिहिलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने दांडगटांमार्फत होणाऱ्या वसुलीवर ताशेरे ओढले ते २००७ साली. ताशेऱ्यांनी एखादा खटला निकालात निघतो, पॅसेजमधला माणूस हलत नाही.

काका ठरलेल्या रकमेला तयार होतात, पोलिसांना थेट तपासाचा अधिकार द्यायला होत नाहीत. वकीलबाई उलट म्हणतात. हा वाद विधिमंडळात व्हायला हवा किंवा संसदेत, आणि मला त्यात कोण जिंकतं याची तेवढी चिंता नाही. चिंता वेगळी आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये एका विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. बेकायदा वसुलीला त्यात कडक शिक्षा आहे. मसुद्याचं नावच अनियंत्रित कर्जव्यवहारांवर बंदी घालणारं, म्हणजे ज्याची कुठेच नोंदणी नाही अशा कर्ज देणाऱ्यापुरतं. बँकेच्या आणि नोंदणीकृत फायनान्स कंपनीच्या माणसाला तो लागू नाही.